पाटी नसलेले दुकान, साडेसहाशेची एलपी आणि लोरेटा लिन

सोलापूरच्या नवी पेठेच्या गजबजाटातून आत शिरणाऱ्या एका बोळात, अरुंद दगडी जिना चढून गेल्यावर, जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट विकणारे व रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून देणारे एक दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळवाल्याला विचारले की तो मान वर न करता बोटाने वरची दिशा दाखवतो, आणि तेवढ्या खुणेवर गेली कित्येक वर्षे गिऱ्हाईक वर पोहोचत आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणेन. पुढे एक तक्रार मांडायची असल्यामुळे त्यांच्या आडनावाची येथे गरजही नाही. गेल्या डिसेंबरपासून आठ-दहा वेळा मी तेथे गेले, दोन रेकॉर्ड विकत घेतल्या, घरच्या प्लेअरची सुई बदलून घेतली आणि ध्यानीमनी नसताना एका अमेरिकन गायिकेच्या उमेदवारीच्या दिवसांत गुंतून पडले. हा अभिप्राय दुकानाचा आणि त्या गायिकेच्या एका रेकॉर्डचा मिळून आहे, कारण हे दुकान काय चीज आहे ते त्या रेकॉर्डशिवाय मला सांगता येणार नाही.

मी गेले होते सासऱ्यांसाठी नाट्यगीतांची एखादी तबकडी शोधायला. अण्णांनी ती काढून पुसून बाजूला ठेवली, पण बिल करण्याआधी प्लेअरवर दुसरीच एक एलपी चढवली. “बाई, हिला आधी ऐका की. पटलं तर घ्या, नाही तर चहा घेऊन जावा,” असे म्हणून ते पुन्हा सोल्डरिंगच्या कामाला लागले. इंग्रजी गाण्यांच्या वाटेला मी फारशी कधी गेलेली नाही, आणि कंट्री, म्हणजे अमेरिकेतले ग्रामीण ढंगाचे संगीत, म्हटले की टोपी घालून घोड्यावर बसलेला माणूस एवढीच माझी समजूत होती. पण स्टील गिटारच्या त्या लांबत, हेलकावत जाणाऱ्या सुरावर जो बाईचा आवाज उमटला, तो नाकातून येणारा, टोकदार आणि कसलीही सफाई न केलेला होता. बाजारातून आलेली बाई दारातूनच काही सांगायला लागते, तसा. आवाज लोरेटा लिनचा होता. एलपी तिच्या डेका कंपनीतल्या सुरुवातीच्या वर्षांची, कव्हरचा एक कोपरा कसरीने खाल्लेला, मागे शिसपेन्सिलीने ६५० असा दर लिहिलेला. रेल्वे लाइन्स भागातला एक बंगला रिकामा झाला, त्या वेळी रद्दीबरोबर ती अण्णांकडे आली होती.

परदेशी गायकाच्या प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरमध्ये अण्णा पुठ्ठ्याचे एक कार्ड घालून ठेवतात, आणि त्यावर त्या गायकाची माहिती बारीक, तिरप्या अक्षरांत मराठीत लिहिलेली असते. अशी सेवा मी पुण्या-मुंबईच्या दुकानांतही पाहिलेली नाही. लोरेटाच्या कार्डावर लिहिले होते: जन्म १९३५, केंटकी राज्य, वडील कोळसा खाणीत, तेराव्या वर्षी लग्न. ही माहिती जगभर अशीच छापली गेली आहे आणि त्यात अण्णांचा दोष नाही. पण २०१२ मध्ये तिचा जन्मदाखला आणि लग्नाची कागदपत्रे उजेडात आली, त्यांनुसार तिचा जन्म १४ एप्रिल १९३२ चा आणि लग्न जानेवारी १९४८ चे, म्हणजे लग्नाच्या वेळी ती पंधरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी होती. मी हे सांगितल्यावर अण्णांनी वाद घातला नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा कार्डावरचे दोन्ही आकडे तांबड्या शाईने खोडून नवे लिहिलेले होते. पंधरा म्हटल्याने त्या लग्नातला कोवळेपणा काही कमी होत नाही. मात्र आपण आणखी लहान होतो असे तिने वर्षानुवर्षे का सांगितले असेल, याचा विचार करताना गायकाची कारकीर्द नुसत्या गळ्यावर उभी राहत नाही, तिला सांगण्यासारखी गोष्टही लागते, हे मला नव्याने जाणवले.

गोष्ट मात्र मुळातच सांगण्यासारखी होती. बुचर हॉलो नावाच्या डोंगरकपारीतल्या वस्तीत आठ भावंडांत ती दुसरी. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर या गावी गेली आणि विशीच्या आत चार मुलांची आई झाली. नवऱ्याचे नाव ऑलिव्हर लिन, पण त्याला सगळे डूलिटल म्हणत. बायको घरकाम करताना गाते ते बरे गाते, एवढे या माणसाच्या ध्यानात आले आणि १९५३ मध्ये त्याने तिला हार्मनी बनावटीची सतरा डॉलरची गिटार आणून दिली. ती वाजवायला तिला कोणी शिकवले नाही. मुले निजली की ती आपल्या आपण बोटे बसवत राहिली. पुढे भावाला बरोबर घेऊन तिने ट्रेलब्लेझर्स नावाचा छोटा वाद्यवृंद उभा केला, शेतकऱ्यांच्या सभागृहांत आणि आसपासच्या दारूच्या अड्ड्यांत गायली, आणि टॅकोमाच्या टेलिव्हिजनवर गायक बक ओवेन्सच्या कार्यक्रमातली गाण्याची स्पर्धा जिंकली. बक्षीस एक मनगटी घड्याळ होते. पण तो कार्यक्रम नॉर्म बर्ली नावाच्या कॅनडातल्या एका लाकूड व्यापाऱ्याने पाहिला आणि तिची रेकॉर्ड निघावी म्हणून पैसे पुढे केले, हे खरे बक्षीस. झिरो नावाच्या अगदी छोट्या कंपनीसाठी फेब्रुवारी १९६० मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओत तिचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. ‘आय ॲम अ हाँकी टाँक गर्ल’ हे त्यातले गाणे तिने स्वतः लिहिलेले होते, आणि त्याचा विषय होता अड्ड्यावर येऊन रडत बसणारी, प्रेमात फसलेली बाई. तशी एक बाई तिने गाता गाता प्रत्यक्ष पाहिलेली होती.

तिचे वडील ही रेकॉर्ड निघण्याच्या आदल्या वर्षी, १९५९ मध्ये वारले. खाणीतल्या कोळशाच्या धुळीने त्यांचे फुप्फुस निकामी होत आले होते. हे वाचताना माझे लक्ष थोडे भलतीकडे गेले, कारण माझे आबा गिरणीत होते आणि भोंगा बंद पडून कितीतरी वर्षे झाल्यावरही कापसाच्या भुकटीचा खोकला त्यांना सोडत नव्हता. असो.

आता ज्या भागासाठी मी हे कार्ड तीन वेळा वाचले, तो भाग. झिरो कंपनीकडे जाहिरातीला पैसा नव्हता आणि रेकॉर्ड दुकानांत पोहोचवणारी माणसेही नव्हती. लिन दांपत्याने गायिकेचा फोटो आणि रेकॉर्ड अशी पाकिटे करून रेडिओ केंद्रांना टपालाने पाठवली, आणि मग दोघे गाडीत बसून रेडिओ केंद्रामागून रेडिओ केंद्र करीत निघाले. निवाऱ्याला गाडीच, जेवायला पावात घातलेले स्वस्त मांस आणि चीज. गाव आले की रेडिओचा मनोरा शोधायचा, आत जायचे, निवेदकाला गाठायचे आणि आमची रेकॉर्ड लावा असे म्हणायचे. मॅनेजर नाही, शिफारसपत्र नाही. स्वतःचे गाणे स्वतःच्या हातात घेऊन अनोळखी माणसासमोर उभे राहणे, एवढीच पद्धत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते गाणे बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेले. १५ ऑक्टोबर १९६० रोजी ती कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये, ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरून प्रसारित होणाऱ्या नामांकित कार्यक्रमाच्या रंगमंचावर पहिल्यांदा उभी राहिली. ऑप्री तेव्हा रायमन सभागृहात भरत असे, आणि ती मूळची प्रार्थनेसाठी १८९२ मध्ये बांधलेली इमारत असल्याने तेथील श्रोते चर्चसारख्या लाकडी बाकांवर बसत.

येथून सारे सुरळीत झाले असेल अशी माझी कल्पना होती, ती चुकीची निघाली. नॅशव्हिलमध्ये गायक विल्बर्न बंधूंनी तिला हाताशी धरले आणि डेकाचे निर्माते ओवेन ब्रॅडली यांच्याकडे तिचा आवाज नेला. पण ब्रॅडलींकडे किटी वेल्स, पॅट्सी क्लाइन आणि ब्रेंडा ली अशा तिघी गायिका आधीच होत्या, त्यामुळे चौथीची त्यांना निकड नव्हती. त्यांना विल्बर्न बंधूंच्या ताब्यातले एक गाणे मात्र ब्रेंडा लीसाठी हवे होते. ते हवे असेल तर लोरेटाला करारबद्ध करा, अशी अट बंधूंनी घातली आणि करार झाला. गाणे ब्रेंडा लीने १९६१ मध्ये गाजवले, आणि लोरेटाला डेकाचे दार उघडले ते दुसरीला दिलेल्या गाण्याच्या बदल्यात. आपल्याकडेही संमेलनात, मंडळात, वाहिनीवर कोणाची वर्णी कशी लागते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. विल्बर्न बंधूंचे उपकारही फुकट नव्हते. तिच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क त्यांच्या कंपनीकडे राहिले आणि त्यावरून पुढे प्रकरण न्यायालयात गेले.

या सगळ्यात मला सर्वाधिक आवडलेली हकिकत एका रेकॉर्डच्या दुकानात घडते, आणि अण्णांनी ती कार्डावर न लिहिता तोंडी सांगितली. गायक अर्नेस्ट टब यांचे नॅशव्हिलमध्ये १९४७ पासून रेकॉर्डचे दुकान होते आणि ऑप्री संपल्यावर मध्यरात्री त्या दुकानातून रेडिओवर कार्यक्रम होत असे. जून १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइन मोटार अपघातात जबर जखमी होऊन रुग्णालयात होती. त्या दुकानातल्या कार्यक्रमात लोरेटाने पॅट्सीचेच ‘आय फॉल टू पीसेस’ तिच्यासाठी म्हणून गायले. पॅट्सीने ते खाटेवर पडल्या पडल्या ऐकले आणि या मुलीला माझ्याकडे घेऊन या, असे नवऱ्याला सांगितले. पुढची जेमतेम पावणेदोन वर्षे, म्हणजे ५ मार्च १९६३ रोजी विमान कोसळून पॅट्सी गेली तोपर्यंत, तिने लोरेटाला मंचावर कसे उभे राहावे, काय नेसावे, पैशाचे कसे बोलावे, हे सारे शिकवले. ही नवी बाई वारंवार ऑप्रीवर कशी काय गाते म्हणून कुरकुरणाऱ्या गायिकांच्या बैठकीला पॅट्सी लोरेटालाच बरोबर घेऊन गेली, असे लोरेटा नंतर सांगत असे. सप्टेंबर १९६२ मध्ये ऑप्रीने तिला रीतसर सदस्य करून घेतले.

रेकॉर्डविषयी वस्तू म्हणून बोलायचे तर पहिली बाजू उत्तम आहे. ‘सक्सेस’ हे १९६२ चे गाणे, जे कंट्री यादीत सहाव्या क्रमांकावर गेले आणि तिचे डेकासाठीचे पहिले मोठे यश ठरले, ते याच बाजूला आहे. नवऱ्याची भरभराट झाली आणि घर मोडले, अशी त्यातल्या बाईची तक्रार आहे. लिहिणारे जॉनी मलिन्स हे शाळेत साफसफाईचे काम करणारे गृहस्थ होते, आणि शाळेत आयुष्य घालवलेल्या मला हे कळल्यावर ते गाणे उगाचच जवळचे वाटू लागले. स्वर खणखणीत येतो, स्टील गिटार डावीकडून स्वच्छ ऐकू येते आणि लोरेटाचे केंटकीचे उच्चार जसेच्या तसे राहतात. मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की या गाण्यांत ती अजून पुष्कळशी किटी वेल्ससारखी गाते. ओळीच्या शेवटी आवाज कातरवण्याची ती लकब उसनी आहे, हे किटी वेल्सचे एखादे गाणे ऐकल्यावर लगेच कळते. आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांच्या मुली लताबाईंच्या आवाजात गात राहिल्या आणि त्यांतल्या थोड्यांनाच स्वतःचा आवाज सापडला. लोरेटाला तो १९६६ च्या सुमारास सापडला, जेव्हा ती नवऱ्याला आणि नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या बाईला गाण्यातून तोंडावर सुनवायला लागली. १९६७ मध्ये तिचे पहिले गाणे पहिल्या क्रमांकावर आले. म्हणजे रेडिओ केंद्रांच्या दारात उभे राहिल्यापासून सात वर्षांनी. या एलपीवर ती लोरेटा अजून यायची आहे, आणि ज्यांना ठसका हवा आहे त्यांनी नंतरची रेकॉर्ड शोधावी. मला ही आधीची, चाचपडणारी जास्त आवडली. पहिले झिरोचे गाणे अर्थातच या तबकडीवर नाही. ते अण्णांनी मोबाइलवर शोधून, मोठ्या स्पीकरला जोडून ऐकवले, आणि त्याचे पैसे कोणी मागत नसते हे खरे असले तरी तेवढा वेळ कोणी देतही नसते.

तक्रार आहे ती दुसऱ्या बाजूची. रेकॉर्ड देताना “दोन्ही बाजू कोऱ्यासारख्या आहेत” असे मला सांगण्यात आले होते. घरी दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर सुई अडकली आणि एकच अर्धा शब्द घरभर घुमत राहिला. सासरे आतून विचारू लागले की बाईंना उचकी लागली आहे काय. भिंगातून पाहिल्यावर नखाएवढा आडवा ओरखडा स्पष्ट दिसला. तो दुकानात दिसला नसेल हे मला पटत नाही, कारण अण्णा प्रत्येक रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरून पाहतात. परत घेण्याची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. थोड्या घासाघिशीनंतर त्यांनी ओरखडा साफ करून सुई पुढे सरकेल एवढे केले आणि सुईच्या बिलातून दीडशे रुपये वजा केले. हिशेब मिटला, पण साडेसहाशे रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन्ही बाजू आधी ऐकवायला हव्या होत्या. तुम्ही जाल तेव्हा तसा आग्रहच धरा. पहिली बाजू ते आपणहून लावतात. दुसरी लावायला सांगावे लागते.

दुरुस्तीचे काम मात्र चोख आहे. माझ्या प्लेअरला आधीच्या कोणी तरी ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डची जाड सुई बसवून दिली होती, आणि तिने एलपीच्या बारीक खाचा खरवडून निघतात, हे मला दाखवण्यासाठी अण्णांनी दोन्ही सुया भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. एक खिळ्यासारखी दिसत होती, दुसरी भाताच्या तुसासारखी. वजनाचा काटा जुळवून, पट्टा बदलून, तबकडी मिनिटाला बरोबर सव्वातेहेतीस फिरते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी काठाला खडूची खूण केली आणि मनगटावरच्या घड्याळात पाहून फेरे मोजले. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, “सव्वा नव्हे बाई, तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश. शाळेत चुकलो होतो तेच आताही चुकतंय.” आठ दिवसांचा वायदा होता, तीन आठवडे लागले. सोलापूरच्या उन्हाविषयी त्यांनी दिलेला सल्ला मोलाचा आहे: रेकॉर्ड आडव्या रचू नका, पश्चिमेच्या भिंतीला लावू नका आणि कूलरच्या वाऱ्यात तर मुळीच ठेवू नका, कारण एप्रिल-मे मध्ये उन्हाने तबकडी वाकते आणि कूलरच्या ओलीने कव्हरला बुरशी धरते. दुकानात यासाठी ते कूलर लावत नाहीत. दुपारी एक ते साडेचार दुकान बंद असते, ते यामुळेच.

आणखी एक फळी आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तिच्यावर आपल्याच जिल्ह्यातल्या गायकांनी स्वतःच्या पैशाने काढलेल्या कॅसेट आणि सीडी आहेत: गोंधळ, भारुडे, सिद्धरामेश्वरांची भजने, तेलुगू आणि कन्नड पदे, लग्नातली गाणी. गड्ड्याच्या यात्रेच्या आदल्या आठवड्यात मी तेथे बसले असताना पस्तिशीची एक बाई, खांद्याला पिशवी, सोबत दहा-बारा वर्षांचा मुलगा, अशी जिना चढून आली. पिशवीत चादरीच्या प्लॅस्टिक वेष्टनात गुंडाळलेल्या वीस-पंचवीस सीडी होत्या, आणि कव्हरवर तिचाच, बहुधा लग्नसमारंभात काढलेला, फोटो छापलेला होता. ती काही बोलण्याआधीच मुलगा म्हणाला, “आईची गाणी हायती.” आता कोण सीडी घेतो, मोबाइलवर टाका, असे अण्णा म्हणतील असे मला वाटले. त्यांनी लोरेटाची एलपी थांबवली, सीडी लावली आणि पहिले गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये एकदाही न बोलता ऐकले. बाई उभीच होती. ती भिंतीकडे पाहत होती आणि पदराच्या टोकाला पीळ देत होती. गाणे संपल्यावर अण्णांनी ढोलकी फार पुढे आली आहे, आवाज मागे पडला आहे, पुढच्या वेळी मुद्रण करताना सांगा, एवढेच म्हणून पाच सीडी ठेवून घेतल्या, वहीत तारीख घालून लिहून घेतल्या आणि विकल्या की सत्तर टक्के तुमचे, असा व्यवहार ठरवला. मी एक घेतली. ढोलकीविषयी अण्णांचे म्हणणे बरोबर होते.

एकूण दुकानाला मी पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या ओरखड्याचा आणि तीन आठवड्यांचा कापला आहे. जिना चढण्याचा त्रास असलेल्यांनी खालच्या घड्याळवाल्याकडे निरोप ठेवावा, अण्णा रेकॉर्ड घेऊन खाली येतात. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण बोळात मोबाइलला रेंज कमी आणि पैसे पाठवताना चाक फिरत राहते. मागच्या शनिवारी गेले तेव्हा त्या बाईंच्या पाचांपैकी एकच सीडी उरली होती, आणि तिच्या कव्हरमध्ये पुठ्ठ्याचे कार्ड घातलेले होते. गाव लिहिले होते, गाण्यांची नावे लिहिली होती. जन्मसालापुढची जागा मात्र कोरी ठेवली होती; विचारले तर अण्णा म्हणाले, “आधी दाखला बघणार, मग लिहिणार.”